६० सेकंदांनी तुटणारं कनेक्शन आणि वाटेत हरवणारे मेसेज : वेबसॉकेट सर्व्हर बांधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) 'डब्ल्यूएस' ही वेबसॉकेटची लायब्ररी वापरून गटचर्चेचा सर्व्हर लिहिला. लॅपटॉपवर तो झकास चालतो. भाड्याच्या सर्व्हरवर एनजिनएक्सच्या (विनंत्या मागच्या सर्व्हरकडे पोचवणारा मधला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) मागे टाकला, तर कोणी काही बोललं नाही की बरोबर मिनिटाभरात कनेक्शन तुटतं. मोबाइलवर काही मेसेज पोचतच नाहीत, काही दोनदा दिसतात. भार वाटून जावा म्हणून सर्व्हरची दुसरी प्रत चालू केली, तर मेसेज निम्म्याच लोकांना जातात. मग कोड चुकला कुठे?

तुमचा कोड मी पाहिलेला नाही, पण या चारही तक्रारी मी माझ्या स्वतःच्या कामात भोगल्या आहेत आणि त्यांचं मूळ एकच आहे. कनेक्शन उघडं आहे म्हणजे पलीकडे माणूस आहे, आणि सेंड म्हटलं म्हणजे मेसेज पोचला, असं आपण धरून चालतो. वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी दुतर्फा जोडणी, ही नळी आहे. नळी तुटणार, तुंबणार, कधी आतून कोरडी पडूनही बाहेरून धड दिसणार. पाणी टाकीत साठवायचं असतं. तुमचा सगळा साठा सध्या नळीत आहे.

आधी ६० सेकंदांचं बघू, कारण ते आज दुपारी सुटेल. वेबसॉकेटची सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीने होते. ब्राउझर 'मला अपग्रेड हवं' असं हेडरमध्ये सांगतो, सोबत १६ यादृच्छिक बाइटांची किल्ली बेस-६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) करून पाठवतो. सर्व्हर त्या किल्लीला वेबसॉकेटच्या प्रमाण नियमांत ठरवून दिलेली ३६ अक्षरी स्ट्रिंग जोडतो, त्या सगळ्याचा शा-१ (ठरावीक लांबीचा ठसा) काढतो, तो पुन्हा बेस-६४ करून १०१ या उत्तरासोबत परत देतो. इथे एचटीटीपी संपतं आणि त्याच टीसीपी जोडणीवर (इंटरनेटवर बाइट क्रमाने पोचवणारी जोडणी) दोन्ही बाजूंनी फ्रेम, म्हणजे मजकुराचे बांधलेले तुकडे, वाहू लागतात. डिसेंबर २०११ च्या आरएफसी ६४५५ या प्रमाण दस्तऐवजात हे सगळं लिहिलेलं आहे आणि ते वाचायला अवघड नाही. एक संध्याकाळ काढून वाचाच.

मधल्या एनजिनएक्सला मात्र ही जोडणी म्हणजे फार लांबलेली एक विनंतीच वाटते. मागच्या सर्व्हरकडून ठरावीक वेळात एकही बाइट आला नाही तर तो ती बंद करतो, आणि तो वेळ मुळात ६० सेकंद असतो. काही क्लाउड लोड बॅलन्सरचाही (प्रतींमध्ये भार वाटणाऱ्या यंत्रणेचा) आकडा तोच. ब्राउझरच्या क्लोज घटनेतला कोड छापून बघा, १००६ दिसेल. हा कोड कोणी पाठवत नाही. 'निरोप न घेता जोडणी गेली' हे सांगायला ब्राउझर तो स्वतः लावतो.

बरेच जण इथे एनजिनएक्सचा प्रॉक्सी रीड टाइमआउट वाढवून तासाभराचा करतात. तक्रार थांबते, दुखणं आत राहतं. कारण वाटेत फक्त एनजिनएक्स नसतो. मोबाइल कंपनीचा एनएटी (अनेक फोनना बाहेरचा एकच पत्ता वाटून देणारी यंत्रणा) असतो, ऑफिसची फायरवॉल असते, घरचा राउटर असतो. यातला कोणीही शांत पडलेल्या जोडणीची नोंद पुसून टाकू शकतो, आणि तो तुम्हाला कळवत नाही. म्हणून दर २५ सेकंदांनी सर्व्हरने प्रत्येक जोडणीला पिंग, म्हणजे 'आहेस का?' विचारणारी छोटी फ्रेम, पाठवावा. ब्राउझर त्याला आपोआप पाँग देतो, तुम्हाला काही लिहावं लागत नाही. पुढचा पिंग पाठवायच्या वेळेपर्यंत आधीचा पाँग आला नसेल तर ती जोडणी मेली असं समजून टर्मिनेट करा. क्लोज करू नका. क्लोज म्हणजे पलीकडच्याच्या उत्तराची वाट पाहणं, आणि पलीकडे कोणी नाही हे तर आत्ताच ठरलं.

हे का लागतं ते समजून घ्या. माणूस घरातून बाहेर पडला, फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला. त्याचा आयपी पत्ता बदलला. टीसीपी जोडणी दोन्हीकडच्या पत्ता आणि पोर्टने ओळखली जाते, म्हणजे जुनी जोडणी त्या क्षणी निरर्थक झाली. पण निरोपाचं पाकीट कोणी पाठवलेलंच नाही. तुमच्या सर्व्हरच्या लेखी तो माणूस अजून जोडलेला आहे. तुम्ही त्याला काही पाठवलं तर लिनक्स ते पुन्हा पुन्हा पाठवत राहील आणि मूळ सेटिंगप्रमाणे साधारण १५ मिनिटांनी हार मानेल. काहीच पाठवलं नाही तर टीसीपीचा स्वतःचा कीपअलाइव्ह, तोही चालू केलेला असेल तर, दोन तासांनी पहिल्यांदा चौकशी करेल. तेवढा वेळ तुमच्या यादीत तो 'ऑनलाइन' दिसणार आणि त्याचे मेसेज हवेत जाणार. तुमचे हरवलेले मेसेज बहुधा इथेच हरवलेत.

उलट बाजूनेही हेच. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग-पाँग दिसत नाही आणि पाठवताही येत नाही. म्हणून सर्व्हर गायब झाला हे पानाला कळायला तुमच्या स्वतःच्या स्वरूपातला एक छोटा 'आहे का?' मेसेज लागतो. फोन लॉक झाला की ब्राउझर पानाचे टायमर गोठवतो, तेव्हा पान पुन्हा समोर आल्याच्या घटनेवर लगेच एक चौकशी करा, टायमरची वाट बघू नका.

आता मुख्य गोष्ट. हिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका बाजार समितीसाठी आम्ही शेतमालाच्या लिलावाची यंत्रणा केली. व्यापारी फोनवरून बोली लावणार, प्रत्येकाच्या पडद्यावर चालू भाव दिसणार. बटण होतं '२५ वाढवा'. पहिल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याने एकदाच बटण दाबलं आणि भाव क्विंटलमागे ५० ने वर गेला. त्याने हुज्जत घातली, आणि त्याचंच बरोबर होतं. झालं असं की त्याचा मेसेज सर्व्हरला पोचला, भाव वाढला, पण पोच परत येण्याआधी त्याचं नेटवर्क गेलं. फोनला वाटलं की मेसेज गेलाच नाही, म्हणून जोडणी परत येताच त्याने तो पुन्हा पाठवला. सर्व्हरने इमानदारीने पुन्हा २५ वाढवले. शेतकऱ्याच्या मालाचा आणि व्यापाऱ्याच्या पैशाचा प्रश्न होता. तो लिलाव थांबवून पुन्हा घ्यावा लागला.

त्या रात्री आम्ही दोन गोष्टी बदलल्या. एक, फोन 'वाढवा' म्हणणार नाही, 'माझी बोली २,१२५' असा पुरा आकडा सांगणार. दोन, बटण दाबताक्षणी फोनवरच त्या बोलीला एक अनन्य ओळख मिळणार, आणि पुन्हा पाठवताना तीच ओळख जाणार. सर्व्हर डेटाबेसमध्ये ती ओळख युनिक ठेवतो. दुसऱ्यांदा आली तर नवीन नोंद करत नाही, आधीचीच पोच परत देतो. तुमच्या चर्चेतले दोनदा दिसणारे मेसेज याच उपायाने जातील.

हरवणाऱ्या मेसेजांसाठी याची जोडीदार गोष्ट लागते : अनुक्रमांक. प्रत्येक खोलीतल्या (चर्चेच्या गटातल्या) प्रत्येक मेसेजला सर्व्हरने चढता क्रमांक द्यायचा, १, २, ३ असा. फोनच्या घड्याळावर विसंबू नका, ते मागेपुढे असतं. क्रम पक्का असा : आधी मेसेज डेटाबेसमध्ये लिहायचा, तिथेच क्रमांक घ्यायचा, मग सगळ्यांना वाटायचा, आणि ज्याने पाठवला त्याला क्रमांकासहित पोच द्यायची. फोन आपल्याला मिळालेला शेवटचा क्रमांक जपून ठेवतो. तुटून पुन्हा जोडला गेला की पहिलंच वाक्य बोलतो : 'या खोलीत मला ४१२ पर्यंत मिळालंय.' सर्व्हर ४१३ पासून पुढचे देतो. माणूस दोन दिवसांनी आला आणि मधे हजारो मेसेज झाले असतील तर सगळे ओतू नका. शेवटचे पन्नासेक द्या आणि मागचे त्याने वर सरकवलं की साध्या एचटीटीपीने आणू द्या.

इथे एक बारीक खाच आहे आणि चांगल्या अनुभवी लोकांचाही पाय तिच्यात अडकतो. परत आलेल्या माणसाला आधी जुने मेसेज वाचून दिले आणि नंतर खोलीच्या यादीत घातलं, तर त्या दोन कृतींच्या मधल्या काही मिलिसेकंदांत आलेला मेसेज त्याला कधीच मिळत नाही. वाचताना तो मेसेज नव्हता, वाटताना हा माणूस यादीत नव्हता. म्हणून आधी यादीत घाला, मग जुने वाचा. त्याने एखादा मेसेज दोनदा जाईल, जाऊ द्या. फोन क्रमांक बघून दुसरा टाकून देईल. शिवाय फोनने नेहमी लक्ष ठेवावं : ४१३ नंतर एकदम ४१५ आला तर ४१४ मागून घ्यायचा. एवढं केलंत की जोडणी कितीदाही तुटली तरी चर्चेत भोक पडत नाही.

दुसऱ्या प्रतीचा प्रश्न आता सोपा होतो. तुमची जोडलेल्या लोकांची यादी प्रक्रियेच्या मेमरीत आहे. पहिल्या प्रतीला दुसरीकडे कोण बसलंय हे माहीतच नाही, म्हणून निम्मे लोक बहिरे. दोन्ही प्रतींच्या मध्ये निरोप्या हवा. बहुतेक जण रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसचं पब-सब घेतात : मेसेज आला की खोलीच्या नावाच्या वाहिनीवर टाकायचा, ज्या प्रतीकडे त्या खोलीतले लोक आहेत ती ऐकते आणि आपापल्या जोडण्यांवर वाटते. लक्षात असू द्या, रेडिसचं पब-सब काही साठवत नाही. ऐकणारा त्या क्षणी तुटलेला असेल तर निरोप गेला तो गेला. पण क्रमांक आणि डेटाबेस असल्यामुळे तुम्हाला त्याची झळ लागत नाही, पुढचा मेसेज आला की फट दिसते आणि भरून निघते. खरं तर तुमच्या आकाराच्या कामाला रेडिसही नको. पोस्टग्रेस हा डेटाबेस आधीच वापरत असाल तर त्याची निरोप देण्या-ऐकण्याची सोय, लिसन-नोटिफाय, पुरेल. त्यातला निरोप ८,००० बाइटांपेक्षा लहान असावा लागतो, म्हणून पूर्ण मेसेज न पाठवता फक्त 'खोली १७, क्रमांक ४१३' एवढंच पाठवा आणि मजकूर टेबलातून वाचा.

मंद माणसाचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. सेंड म्हटल्यावर मजकूर लगेच जात नाही, तो त्या जोडणीच्या रांगेत थांबतो. नेटवर्क रडतखडत असेल तर रांग वाढत राहते, आणि ती रांग तुमच्या सर्व्हरच्या रॅममध्ये असते. ५०० जणांच्या खोलीत प्रत्येकाने सेकंदाला एक मेसेज पाठवला तर बाहेर जाणारे मेसेज होतात सेकंदाला २,५०,०००. त्यात पाच-दहा जणांची रांग तुंबली की मेमरी कशी फुगते याचा अंदाज करा. प्रत्येक सेंडआधी त्या जोडणीचा बफर्ड अमाउंट, म्हणजे रांगेत थांबलेले बाइट, बघा. ठरावीक मर्यादेपुढे गेला, समजा १ एमबी, तर काय करायचं ते मालावर ठरतं. चालू भाव असेल तर जुने भाव टाकून फक्त ताजा ठेवा, मागचा भाव कोणालाच नको असतो. चर्चा असेल तर त्याची जोडणी तोडून टाका. कठोर वाटेल, पण क्रमांक आहेत. तो परत येईल, ४१२ म्हणेल आणि राहिलेले घेऊन जाईल. 'अमुक टाइप करतोय' असल्या सूचना तर एकेक पाठवूच नका, पाव सेकंदाच्या एकत्र बांधून पाठवा आणि रांग तुंबली तर सगळ्यात आधी त्याच टाका.

मजकूर दाबून लहान करून पाठवायचा पर्याय, म्हणजे पर-मेसेज डिफ्लेट, मोहात पाडतो. पण दोन्ही दिशांचा संदर्भ (आधीच्या मजकुराची आठवण) धरला तर त्याला मूळ सेटिंगने एका जोडणीमागे सुमारे ३०० केबी मेमरी लागते. १०,००० जोडण्यांना ३ जीबी. 'डब्ल्यूएस'ने सर्व्हरवर तो मुळात बंद ठेवलाय, तसाच राहू द्या.

सुरक्षेत तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. पहिली, ओरिजिन हेडर (विनंती कोणत्या साइटच्या पानावरून आली ते सांगणारं) तपासणं. ब्राउझरचे एका साइटला दुसरीपासून वेगळं ठेवणारे नेहमीचे नियम वेबसॉकेटला लागू होत नाहीत. तुमची ओळख फक्त कुकीवर असेल आणि ती कुकी परक्या साइटवरून जायला ब्राउझरची बंदी नसेल तर कुठलंही परकं पान तुमच्या वापरकर्त्याच्या ब्राउझरमधून, त्याच्याच कुकीने, तुमच्या सर्व्हरला जोडणी उघडू शकतं आणि त्याच्या खाजगी गप्पा वाचू शकतं. दुसरी, ओळख पटवणं. ब्राउझरमध्ये वेबसॉकेटला स्वतःचं हेडर लावता येत नाही, म्हणून लोक कायमचं टोकन (ओळख पटवणारी गुप्त स्ट्रिंग) पत्त्यात टाकतात आणि ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उघडं पडतं. त्याऐवजी आधी साध्या एचटीटीपीएसने अर्ध्या मिनिटात संपणारं, एकदाच चालणारं तिकीट घ्या आणि ते जोडणी उघडल्यावरच्या पहिल्या मेसेजात द्या. आणि जोडणी तासन्‌तास जगते हे विसरू नका. कोणाला गटातून काढलं तर त्याची उघडी जोडणीही त्या खोलीतून काढावी लागते. तिसरी, मर्यादा. 'डब्ल्यूएस' मुळात १०० एमबीपर्यंतचा मेसेज स्वीकारतं. चर्चेला ६४ केबी पुष्कळ झाले. मिनिटाला किती मेसेज घ्यायचे तेही बांधा. आणि प्रत्येक सॉकेटवर एरर घटनेचा हँडलर लावा. तो नसेल तर एका खराब फ्रेमने नोडची पूर्ण प्रक्रिया कोसळते आणि सगळ्यांच्या जोडण्या जातात.

शिकण्यासाठी एकदा लायब्ररीशिवाय सर्व्हर लिहून बघा, असं मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना सांगतो. आपल्या भाषेमुळे त्यात एक खास धडा मिळतो. मजकुराची फ्रेम यूटीएफ-८ असावी लागते आणि तिच्या सुरुवातीला लांबी लिहायची असते, ती बाइटांमध्ये. इंग्रजी 'हॅलो'वर चाचणी केली तर अक्षरं ५ आणि बाइटही ५, सगळं सुरळीत. मग 'नमस्कार' पाठवा. जावास्क्रिप्ट त्याची लांबी ७ सांगते, कारण हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे बाइट झाले २१. लांबीत ७ लिहिलंत तर ब्राउझर पहिले ७ बाइट मजकूर समजेल, तेही तिसऱ्या चिन्हाच्या मधेच तोडून, उरलेल्यांना नवी फ्रेम मानायला जाईल आणि जोडणी तोडेल. तसंच, टीसीपीतून आलेला एक तुकडा म्हणजे एक फ्रेम नव्हे. तुकडा 'म'च्या मधोमधही संपू शकतो. प्रत्येक तुकड्याचं लगेच अक्षरांत रूपांतर केलं की मराठीत चौकोन आणि प्रश्नचिन्हं उगवतात. बाइट साठवा, फ्रेम पुरी झाली की मगच वाचा.

त्याच लिखाणात तुम्हाला मास्क भेटेल : ब्राउझरकडून येणारी प्रत्येक फ्रेम ४ बाइटांच्या यादृच्छिक किल्लीने एक्सऑर केलेली, म्हणजे बिटागणिक मिसळलेली, असते. ही गुप्तता नव्हे, किल्ली सोबतच येते. सुरुवातीच्या मसुद्यात हल्लेखोर वेबसॉकेटच्या मजकुरात खोटी एचटीटीपी विनंती लपवून मधल्या प्रॉक्सीचा कॅश (उत्तरांचा तात्पुरता साठा) बिघडवू शकतो हे संशोधकांनी दाखवलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये फायरफॉक्स ४ आणि ऑपेराने वेबसॉकेट चक्क बंद ठेवलं. मास्क हा त्यावरचा इलाज.

नवी आवृत्ती चढवतानाचं एक संकट सांगतो. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळे ब्राउझर एकाच क्षणी परत धावतात. प्रत्येकाचं टीएलएस (सुरक्षित जोडणीची सुरुवातीची बोलणी), प्रत्येकाची ओळख तपासणारी क्वेरी, प्रत्येकाचं '४१२ पुढचे द्या'. आमच्याकडे काही हजार जोडण्यांच्या अशा लोंढ्याने डेटाबेस बसला, त्यामुळे जोडण्या पुन्हा तुटल्या, त्यामुळे पुन्हा लोंढा. उपाय ब्राउझरच्या कोडमध्ये आहे : पुन्हा जोडायच्या आधी थांबायचा वेळ दर अपयशाला दुप्पट करा, कमाल अर्धा मिनिट, आणि शून्य ते त्या वेळेच्या मधला कुठलाही यादृच्छिक क्षण निवडा. यादृच्छिक भाग वगळलात तर सगळे एकत्रच थांबतील आणि एकत्रच येतील. सर्व्हरनेही बंद होताना १०१२ किंवा १००१ कोड देऊन जोडण्या थोड्या थोड्या, दोन-तीन मिनिटांत सोडाव्यात.

एका सर्व्हरवर ६५,५३५ पेक्षा जास्त जोडण्या बसत नाहीत हे कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सर्व्हर एकाच पोर्टवर ऐकतो, जोडणी दोन्हीकडचे पत्ते आणि पोर्ट अशा चारही आकड्यांनी ओळखली जाते. व्हॉट्सॲपने २०१२ मध्येच अरलँग या प्रोग्रामिंग भाषेच्या जोरावर एका यंत्रावर २० लाख जोडण्या धरून दाखवल्या होत्या. तुम्हाला आधी आडवी येईल ती उघड्या फाइलींची मर्यादा, जी पुष्कळ ठिकाणी १,०२४ असते. त्यानंतर एनजिनएक्स आणि तुमच्या नोडमधली पोर्टं, लिनक्सवर मूळ सेटिंगने सुमारे २८,०००.

आणि माहिती फक्त सर्व्हरकडूनच जायची असेल, म्हणजे निकाल, भाव, गाडीची जागा, तर वेबसॉकेट घेऊच नका. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स साध्या एचटीटीपीवर चालतात, ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटच्या घटनेची ओळखही स्वतःच सांगतो. आमच्या लिलावात नुसता भाव बघणाऱ्या शेतकऱ्यांसाठी शेवटी आम्ही तेच वापरलं आणि निम्मा कोड कमी झाला. तुमच्या चर्चेला मात्र वेबसॉकेटच योग्य.

आज पिंग लावा, या आठवड्यात ओळख आणि अनुक्रमांक, आणि तोवर दुसरी प्रत बंद ठेवा. झालं की चाचणी अशी करा. दोन फोन, एक वायफायवर, एक मोबाइल डेटावर, दोन्हींतून एक छोटी स्क्रिप्ट दर सेकंदाला आकडा पाठवतेय. मध्येच नोडची प्रक्रिया किल-९ ने (सक्तीने बंद करणाऱ्या आज्ञेने) मारा. मग फायरवॉलमध्ये त्या फोनची पाकिटं ड्रॉप करा. रिजेक्ट नको, रिजेक्टमध्ये फोनला नकार कळतो आणि खऱ्या आयुष्यात तो कळत नाही. शक्य असेल तर तेच फोन घेऊन पुणे-मुंबई गाडीत बसा. लोणावळ्यापासून कर्जतपर्यंतच्या बोगद्यांत नेटवर्क जसं येतं-जातं तसं प्रयोगशाळेत करता येत नाही. कर्जतला उतरल्यावर दोन्ही फोनवरची यादी डेटाबेसशी ताडून बघा : एकही क्रमांक गाळलेला नको, एकही दोनदा नको. फरक निघाला तर तो क्रमांक, त्याच्या आसपासचा सर्व्हरचा लॉग आणि क्लोज कोड एवढं पाठवा, आपण बघू.